आकारामचा पितळी राजा

नाणी जमवणाऱ्या माणसांइतकी खुळी जमात मी पाहिलेली नाही, आणि माझं पोट त्यांच्यावरच चालतं म्हणून हे बोलायचा मला पूर्ण हक्क आहे. शाळेत पस्तीस मार्कांवर काठावर पास झालेला गडी आपल्या नाण्याला सत्तरपैकी एकसष्टच मिळाले म्हणून तोंड पाडून बसतो. बायकोकडे नीट बघून त्याला वर्षं झालेली असतात, पण पंचम जॉर्जच्या दाढीतला एक केस पुसट झालाय हे भिंगातून बरोबर दिसतं.

मी शाझिया. मिरजेत सतारमेकर गल्लीच्या तोंडाशी आमचं जुन्या नाण्यांचं दुकान आहे. म्हणजे अब्बांचं आहे. दोन्ही मोतीबिंदू काढून झाल्यापासून अब्बा पुढे बसून येणाऱ्याजाणाऱ्याला चहा पाजतात आणि नाणी मी बघते. गिऱ्हाइकाला दर्जाचा दाखला हवा असेल तर मी नाणं मुंबईच्या एका कंपनीकडे पाठवते. ते लोक नाणं तपासतात, सत्तरपैकी अंक देतात आणि प्लॅस्टिकच्या चपट्या डबीत कायमचं बंद करून टाकतात. डबी फोडली की अंक गेला. एवढ्यासाठी माणसं महिनोन्‌महिने देव पाण्यात घालून बसतात.

गेल्या मार्चमध्ये एका सकाळी आकाराम दुकानात आले. साठी उलटलेली, पांढरा सदरा, पायात कोल्हापुरी, आणि खिशात डोकेदुखीच्या बामची डबी. डबी काउंटरवर ठेवून त्यांनी आधी दुकानभर नजर फिरवली.

"पोरी, मोठं मानूस कोन न्हाई का?"

"मोठं माणूस मीच," मी म्हटलं. अब्बा गालात हसले. अशा वेळी ते कधी मदतीला येत नाहीत.

आकारामांनी डबी उघडली. बामच्या वासाचा कापूस बाजूला केला आणि आत जे दिसलं ते बघून मी अब्बांना शटर अर्धं खाली घ्यायला सांगितलं. १९१८ सालची पंधरा रुपयांची सोन्याची मोहोर. तशा मोहरा मी पुष्कळ पाहिल्यात, पण त्या बाजारात चालवायला पाडलेल्या. ही तशी नव्हती. राजाच्या डोक्यामागची जागा इतकी गुळगुळीत होती की तिच्यात मला माझंच नाक दिसलं. कडा धारदार, मुकुटातला मणी न् मणी मोकळा. याला प्रूफ म्हणतात. टांकसाळीने साहेबलोकांना दाखवण्यासाठी, साचा आणि चकती दोन्ही घोटून, सावकाश ठोसा देऊन काढलेले मोजके नग. मी हातमोजे घातले, नाणं कडेला दोन बोटांत धरलं आणि पंधरा मिनिटं भिंगाखालून हललेच नाही.

"ह्यो राजा खरा का खोटा, येवढं सांग," आकाराम म्हणाले.

"माझ्या मते खरा. आणि लय भारी."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं चक्कर आली. अब्बांनी पाण्याचा तांब्या पुढे केला तर म्हणाले, "पानी नगं. कागुद पायजे. लाल्याच्या थोबाडावर मारायला कागुद पायजे."

मग चहा आला आणि सगळी हकीकत बाहेर पडली.

आकाराम विट्याच्या बाजूचे, गलाईवाले. जुने दागिने मुशीत आटवून त्यातलं शुद्ध सोनं काढून द्यायचं यांचं काम, आणि देशात असं एक मोठं शहर नसेल जिथे सराफ कट्ट्यात यांच्यापैकी कुणी भट्टीपुढे बसलेलं नाही. आकारामांच्या घरी पूर्वी मेंढरं होती. ती गेली, तेव्हा ते गावातल्याच लालासाहेबांबरोबर कोईमतूरला गेले. दोघांनी मिळून दहा बाय बाराच्या खोलीत दुकान टाकलं. पुढे भट्टी, मागे अंथरूण. तीस वर्षं.

अठ्ठ्याण्णव साली एक म्हातारे गृहस्थ तुटक्या साखळ्यांबरोबर हे नाणं आटवायला घेऊन आले. आकारामांनी तोवर हजारभर राजे आणि राण्या वितळवल्या असतील, पण या राजावर त्यांचा जीव बसला. त्यांनी म्हाताऱ्याला सोन्याची पुरी किंमत आणि वर थोडे देऊन नाणं ठेवून घेतलं. पुढच्या वर्षी तिथल्या एका नाणीवेड्या डॉक्टरला हे कळलं. डॉक्टरने फोनवरच बजावलं, नाणं कशालाही लावू नका, पुसूसुद्धा नका, मी बघायला येतो. आणि जो आकडा सांगितला त्यात आकारामांचं कायमचं गावी परतणं बसत होतं. जमिनीचा तुकडा, चाळीस मेंढरं, बायको तानुबाई आणि चार वर्षांची लेक सोनम.

"मंग?" मी विचारलं. एवढा वेळ त्यांच्याशी बोलून माझीही भाषा तशीच व्हायला लागली होती.

"मंग काय! डागदर आला. नानं हातात घेतलं. आनि माझा भागीदार, माझा जिवाचा दोस्त लाल्या, भट्टीवरनं म्हनतो कसा, सायेब, वरनं मुलामा हाय, आत पितळ. मी म्हनलं, आरं गड्या, वजन बराबर भरतंय. तर म्हनला, मंग लाव कस."

कस लावणं म्हणजे कसोटीच्या काळ्या दगडावर सोनं घासून रेघ काढणं. रेघेवरून गलाईवाला किती कॅरट ते सांगतो. त्यांच्यात बोलण्याला, कागदाला, शपथेला काही किंमत नाही. रेघ दाखव, मग बोल. कस लावायला जो नाही म्हणाला तो चोर, इतका सरळ हिशेब. आणि आकाराम नाही म्हणाले, कारण घासलेलं प्रूफ डॉक्टरने घेतलं नसतं. डॉक्टरने एका गलाईवाल्याकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे, आणि नाणं परत ठेवून निघून गेला. ही गोष्ट सराफ कट्ट्यात पसरायला संध्याकाळसुद्धा लागली नाही. त्यानंतर त्या नाण्याला एकही गिऱ्हाईक फिरकलं नाही.

आकाराम गावी आले ते २०१७ साली. सोनमचं लग्न ठरवायला.

पुढच्याच जत्रेत, देशभरातले गलाईवाले गावी जमलेले असताना, लालासाहेबांनी पारावर बसून हा किस्सा रंगवून सांगितला. तेव्हापासून गावात आकारामांच्या त्या नाण्याला 'पितळी राजा' हे नाव पडलं. पोरंसोरं विचारायची, आकाराम आण्णा, राजाला चिंच लावून घासलं का? सात वर्षं दोघं एकमेकांशी बोलले नव्हते.

"मला इकायचं बिकायचं न्हाई," आकाराम म्हणाले. "लाल्याचं त्वांड बंद करायचंय."

मी त्यांना समजावलं की सोनं जेमतेम आठ ग्रॅम, पण नाण्याची किंमत त्याच्या कितीतरी पट. कशाची? तर एवढ्या वर्षांत त्याला कुणी घासलं नाही, पुसलं नाही, हात लावला नाही, याची.

"म्हंजे काम न केल्याचं पैसं?"

"हो."

"आनि द्येतंय कोन?"

"शिकलेले लोक."

ते बराच वेळ माझ्याकडे कीव आल्यासारखे बघत राहिले. मग त्यांनी फॉर्मवर सही केली.

नाणं मुंबईला गेलं. आकारामांचा दर चार दिवसांनी फोन. "निकाल लागला का?" मी म्हणे, काका, दहावीची परीक्षा नाही. खरं तर मीही दिवस मोजत होते. साठच्या वर अंक आला असता तर आख्ख्या जिल्ह्यात माझ्या नजरेचं नाव झालं असतं. 'नियाजभाईंची पोरगी' म्हणून मला डावलून अब्बांनाच नाणी दाखवणारे संग्राहक स्वतःहून माझ्या पुढ्यात नाणी ठेवायला आले असते. मी माझ्या अंदाजाच्या वहीत त्रेसष्ट लिहून ठेवलं होतं. पेनाने.

मेच्या शेवटी पार्सल आलं. मी आकारामांना कळवलं आणि ते येईपर्यंत उघडायचं नाही असं ठरवलं. अब्बा म्हणाले, तुझ्याच्याने होणार नाही. झालं नाही. उघडलं.

डबीवरच्या चिठ्ठीवर इंग्रजीत लिहिलं होतं: १९१८, पंधरा रुपये, प्रूफ, अस्सल. त्यापुढे जिथे अंक असतो तिथे अंक नव्हता. तिथे होतं: कडेवर घासल्याची खूण.

मी डबी उलटीसुलटी केली, पण डबीच्या चौकटीत कड झाकलेली असते, काही दिसेना. आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. प्रूफ नाणं कडेलाच धरायचं असतं. त्या दिवशी पंधरा मिनिटं मी राजाची दाढी, मिशी, मुकुट सगळं पाहिलं, आणि खूण माझ्याच बोटांखाली होती. लाज वाटली. अब्बांनी फक्त एवढंच विचारलं, "कड बघितली नव्हतीस, बेटा?" त्यापेक्षा त्यांनी दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुपारच्या एसटीने आकाराम आले. मी आधी 'अस्सल' वाचून दाखवलं. त्यांनी डबी कपाळाला लावली. मग मी बाकीचं सांगितलं आणि विचारलं, "काका, खरं सांगा. कधीतरी कस लावला होतात ना?"

"मी?" ते काउंटरपासून एक पाऊल मागे झाले. "बिरोबाची आन. डागदरनं सांगितल्यापास्नं मी त्येच्यावर फुकर बी मारली न्हाई!"

"मग दुसऱ्या कुणीतरी."

"दुसरं कोन? त्या खोलीत आमी दोघंच..."

त्यांचा चेहरा मी बघत होते. आधी काहीच नव्हतं, मग कपाळाची शीर वर आली. त्यांनी डबी खिशात टाकली. "लाल्या हितंच हाय. मिरजंत. गुडघं बदलल्यात त्येनं परवा. चल पोरी."

"मी कशाला?"

"त्येला इंग्रजी वाचून कोन दाखीवनार?"

मी गेले. वाचून दाखवायला नाही, तर ती डबी लालासाहेबांच्या टाळक्यात बसू नये म्हणून. अब्बांनी मागून हाक मारून सांगितलं, दवाखान्यात आवाज करू नका. ते त्यांनी दोघा म्हाताऱ्यांपैकी कुणालाही नीट ओळखत नसल्यामुळे सांगितलं.

लालासाहेब दुसऱ्या मजल्यावर खिडकीच्या खाटेवर होते. दोन्ही गुडघ्यांना पट्ट्या, पाय उशीवर ताठ. मोठ्या मिशीचा, दांडगा माणूस, पण त्या दवाखान्याच्या हिरव्या झग्यात सगळा रुबाब गेलेला. शेजारी स्टुलावर त्यांची बायको बयाबाई अडकित्त्याने सुपारी कातरत होत्या.

"आक्या?" लालासाहेब म्हणाले. सात वर्षांनंतरचा पहिला शब्द.

"व्हय, आक्या. आज पळशील कुठं? पोरी, वाच."

मी वाचलं. अस्सल म्हटल्यावर बयाबाईंची सुपारी थांबली. लालासाहेबांनी मिशीवर हात फिरवला. "कागुद काय, पैसं टाकलं की मिळतोय. आपल्या धंद्यात कस बोलतोय, कागुद न्हाई."

"कस बोललाय की! कडंला घासल्याची खून हाय म्हनं. कुनी लावला कस?"

"मला काय ठावं?" ते आपल्या गुडघ्यांकडे बघत म्हणाले. "जुनं नानं. कुनी बी लावला आसंल."

आकारामांनी बयाबाईंच्या हातातला अडकित्ता घेतला. मला कळायच्या आत डबीची कड अडकित्त्याच्या तोंडात होती. "काका, नको!" मी ओरडले. शेजारच्या खाटेवरचा पेशंट उठून बसला. कडाड. तीन महिन्यांची वाट, मुंबईचा शिक्का, कंपनीची हमी, सगळ्याचे दोन तुकडे झाले आणि राजा चादरीवर पडला.

आकारामांनी नाणं उचलून खिडकीच्या उजेडात धरलं आणि कड हळूहळू फिरवली. कडेला बारीक दाते असतात. एका जागी चार-पाच दाते सपाट झाले होते. मलाही दिसलं आता. नखाएवढी तिरपी जागा.

"डाव्या हाताचा कस," आकाराम म्हणाले. आवाज अगदी खाली आला होता. "रेघ बाह्येरनं आत वडलीया. आख्ख्या कोईमतूरच्या कट्ट्यात येकच डावखुरा गलाईवाला हुता. तीस वर्सं तुज्या शेजारी बसलोय, लाल्या. तुजा हात मला वळखू येत न्हाई व्हय?"

लालासाहेबांनी दाराकडे पाहिलं. उठून जायची सोय नव्हती.

"कवा लावलास?"

"डागदर यायच्या आदल्या दिशी. तू आंगुळीला गेल्तास."

"काय निगालं?"

"बावीस. येक लंबर."

"आनि मंग पितळ का म्हनलास? आरं, सगळ्यांम्होरं पितळ का म्हनलास?"

लालासाहेबांचे डोळे भरून आले होते. एवढा मोठा माणूस रडताना चांगला दिसत नाही, मिशी ओली होते. "तू ग्येला आसतास," ते म्हणाले. "नानं इकून मेंढरं घ्यून बसला आसतास गावाकडं. त्या मुलखात मी येकटा काय करनार हुतो? मला भाषा येत न्हवती. सादी भाकरी येत न्हवती मला. तूच करत हुतास दोन्ही टायमाच्या. मला वाटलं, आजून वरीस-दोन वरीस राहशील. मंग सांगावं म्हनलं खरं. आनि मंग सांगाय जमलंच न्हाई."

"आनि जत्रंत? तवा तर गावात आल्तो आपुन."

"लोकांनी इशय काढला. मी पितळ म्हनलं न्हाई तर मीच खोटा ठरलो आसतो."

आकाराम खाटेच्या कडेवर बसले. मला वाटलं होतं ते शिव्या देतील, आणि त्यांनी द्यायला हव्या होत्या असं मला आजही वाटतं. पण ते बोटांवर काहीतरी मोजत होते. "आठरा वर्सं," ते म्हणाले. "नव्व्यान्नवला सोनम चार वर्साची. मी घरी कायमचा आलो तर ती बावीस. दिवाळीला जायाचो तर म्हनायची, आये, त्ये कोईमतूरचं पाव्हनं आल्यात. लाल्या, तुला भाकरी येत न्हवती म्हनून?"

लालासाहेबांनी हात जोडले. मला दोघांचाही राग आला, आणि दोघांची दयाही आली, आणि माझ्या त्रेसष्टचं मला काहीच वाटेनासं झालं.

तेवढ्यात बयाबाई उठल्या. त्यांनी आकारामांच्या हातातून अडकित्ता काढून घेतला, पिशवीत ठेवला आणि नवऱ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"ह्येनी ग्येलं आसतं तर तुमी येकटं पडला आसता. बरं. मंग तुमी का न्हाई आला घरला?"

लालासाहेबांनी चादर गुडघ्यांवर ओढून घेतली.

"मी इच्यारते, मला बी दोन पोरं हुती. मी बी येकटीच हुती. मला तर भाकरी येत हुती, मंग खायाला का न्हाई आला?" त्या आकारामांकडे वळल्या. "आनि तुमी? त्यो पितळ म्हनला म्हनून आठरा वर्सं तिथं त्येला भाकऱ्या थापून घाटल्या. तानुबाई काय त्या राजाची वाट बघत बसली हुती व्हय? तिला तुमी नुसतं आला आसता तरी चाललं आसतं. मला सांगत हुती की ती, हिरीवर."

दोन्ही म्हातारे समोरच्या भिंतीकडे बघत होते. भिंतीवर मधुमेहाचा तक्ता होता.

बयाबाईंनी चादरीवर हात पुढे केला. आकारामांनी निमूटपणे नाणं त्यांच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी ते अंगठ्याने दाबून उलटंपालटं करून पाहिलं. राजाच्या गालावर चुन्याचा ठसा उमटला. मग लुगड्याच्या शेवात त्याची घट्ट गाठ मारली आणि गाठ कमरेला खोचली.

"ह्येचं काय करायचं त्ये आता मी आनि तानुबाई ठरीवतो," त्या म्हणाल्या. "तुमी दोघं ऱ्हावा हितं."

आणि मला म्हणाल्या, "पोरी, विट्याची यष्टी किती वाजता हाय?"